तीन गुणांचें गाणें

इतिहासाचीं साधनें कोणतीं, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाहीं. कै. राजवाड्यांनीं गांवोगांव हिंडून जुनीं दप्तरें धुंडाळलीं, तेव्हांपासून पत्र, सनद, महजर, शकावली यांस इतिहासाच्या दरबारांत मानाचें आसन मिळालें; आणि पोवाडा हा शाहिराच्या अतिशयोक्तीनें रंगलेला असला तरी त्यासही दाराशीं कां होईना, पण जागा मिळाली. परंतु ज्या गाण्यांत ना वीर, ना लढाई, जें केवळ चार घटका करमणुकीकरितां रचलें गेलें आणि त्या करमणुकींतही ज्याची फजिती झाली, अशा गाण्यास इतिहासकारानें आपल्या दारांत उभें करावें काय?

विसाव्या शतकांतील युरोपचा इतिहास वर्गांत शिकवीत असतां एकदां मीं पोर्तुगालमधील १९७४ च्या राज्यक्रांतीची हकीकत सांगितली. त्या क्रांतीची पहिली खूण एका प्रेमगीतानें दिली गेली, आणि तें गीत त्यापूर्वीं अवघे अठराच दिवस युरोपांतील एका गायनस्पर्धेंत शेवटच्या क्रमांकावर आलें होतें, असें मीं म्हणतांच वर्गांत हशा पिकला. एका विद्यार्थ्यानें विचारलें, “सर, मग चुकले कोण? परीक्षक कीं सैनिक?” प्रश्न थट्टेचा होता; परंतु त्याचें उत्तर मला तत्काळ देतां आलें नाहीं. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा प्रयत्न होय.

ही स्पर्धा म्हणजे युरोव्हिजन. युरोपांतील नभोवाणी-संस्थांच्या संघानें ती १९५६ मध्यें स्वित्झर्लंडांतील लुगानो या गांवीं प्रथम भरविली. दहा-अकरा वर्षांपूर्वीं एकमेकांच्या शहरांवर बाँब टाकणाऱ्या राष्ट्रांनीं एका रात्रीं एकच कार्यक्रम पाहावा, आणि दूरचित्रवाणीची नवी यंत्रणा सरहद्दी ओलांडून चालते कीं नाहीं याचीही परीक्षा व्हावी, असा तिचा दुहेरी हेतु. पहिल्या वर्षीं देश अवघे सात होते. पुढें संख्या वाढत गेली आणि नियमही स्थिरावले: प्रत्येक देशानें एक नवें गीत पाठवावें, इतरांच्या गीतांस गुण द्यावे, स्वतःच्या गीतास मात्र देऊं नयेत. म्हणजे या स्पर्धेंत प्रत्येक राष्ट्राची परीक्षा सर्वस्वीं परक्यांच्या हातीं असते. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढील सर्व विवेचन तिच्याभोंवतीं फिरणार आहे.

पोर्तुगाल या स्पर्धेंत १९६४ सालीं उतरला. त्या वेळीं तेथें सालाझारची सत्ता होती. हें नांव महाराष्ट्रास व गोमंतकास नवें नाहीं. १९३२ मध्यें प्रधानमंत्री झालेला हा अर्थशास्त्राचा प्राध्यापक १९६८ पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षें, त्या देशाचा अनिर्बंध शास्ता होता. वृत्तपत्रांच्या मजकुरावर निळी पेन्सिल फिरविणारे अभ्यवेक्षक आणि ‘पीद’ नांवाचे गुप्त पोलीस हे त्याच्या राज्याचे दोन खांब. आपल्यापाशीं वसाहती नसून सातासमुद्रांपलीकडे पसरलेले एकाच राष्ट्राचे प्रांत आहेत, हा त्याचा सिद्धांत. गोवा हाही त्यांपैकींच एक प्रांत! डिसेंबर १९६१ मध्यें भारतीय सैन्यानें साडेचारशें वर्षांची ती सत्ता दोन दिवसांत संपविली; परंतु लिस्बनच्या सरकारनें ही वस्तुस्थिति मानलीच नाहीं. त्याच वर्षीं अंगोलांत स्वातंत्र्ययुद्ध पेटलें, १९६३ मध्यें गिनींत, १९६४ मध्यें मोझांबिकमध्यें. सारें जग विरुद्ध गेलें तेव्हां, आपण अभिमानानें एकाकी लढत आहों, असें सालाझारनें १९६५ मध्यें जाहीर केलें.

आतां येथील विसंगति पाहा. ज्या राजवटीनें एकाकीपणा हेंच भूषण मानलें, तीच राजवट दरवर्षीं एक गायक युरोपच्या रंगमंचावर पाठवूं लागली आणि शेजाऱ्यांकडे गुण मागूं लागली. हुकूमशहासही सभ्य समाजांत एक खुर्ची हवी असते. ती राजकारणानें मिळेनाशी झाली कीं तो कलेच्या दारानें तिचा शोध करतो. १९६४ मध्यें कोपनहेगन येथें आंतोनियु काल्व्हारियु यानें ‘प्रार्थना’ या अर्थाचें शीर्षक असलेलें गीत गाइलें. सोळा देशांपैकीं एकानेंही त्यास एक गुण दिला नाहीं. पहिल्याच पावलास शून्य! त्याच कार्यक्रमांत एक मनुष्य फलक घेऊन रंगमंचावर घुसला. फ्रँको व सालाझार यांच्यावर बहिष्कार घाला, असें त्या फलकावर लिहिलें होतें. त्यास तत्काळ बाहेर काढण्यांत आलें. परीक्षकांनीं गाण्यास शून्य दिलें कीं राजवटीस, हें सांगणें कठीण. त्या वर्षीं आणखी तीन देशांच्या पदरींही शून्यच पडलें होतें, हें विसरतां कामा नये. परंतु पोर्तुगीज प्रेक्षकांनीं त्या शून्याचा अर्थ आपापल्या परीनें लावला असेल, यांत शंका नाहीं.

दुसऱ्या वर्षीं सिमोन द ओलिव्हेइरा या गायिकेनें एक गुण मिळविला. १९६७ मध्यें व्हिएन्ना येथें एदुआर्दु नासिमेंतु हा अंगोलांत जन्मलेला तरुण उभा राहिला. या स्पर्धेंत गाणारा तो पहिला कृष्णवर्णी पुरुष गायक होय. ज्या अंगोलांत पोर्तुगीज सैन्य लढत होतें तेथील गायकास पुढें करणें, हें ‘आम्ही सर्व एकच राष्ट्र’ या सरकारी सिद्धांतास पोषकच होतें. परंतु त्याच्या गीताचें शीर्षक होतें ‘वारा बदलला’! गीत प्रेमाचें, पण आफ्रिकेंत त्या काळीं कोणता वारा बदलत होता हें ऐकणाऱ्यास सांगावयास नको होतें. परीक्षकांनीं तीन गुण दिले.

येथपर्यंतची कथा केवळ अपयशाची आहे. तिला निराळा रंग चढतो तो १९६९ पासून, आणि तो चढविणारा पुरुष म्हणजे कवि जोझे कार्लुश आरी दुश सांतुश. त्याच वर्षीं तो साम्यवादी पक्षांत दाखल झाला. तो पक्ष त्या देशांत बेकायदा होता. ज्या कवीच्या राजकीय लेखास कोणतेंही वृत्तपत्र थारा देऊं शकलें नसतें, त्याचें गीत मात्र सरकारी दूरचित्रवाणीवरून देशाचा प्रतिनिधि म्हणून युरोपास ऐकविलें गेलें. मक्याचीं कणसें सोलण्याचा जो ग्रामीण सोहळा तेथें असतो, त्याचें नांव त्यानें या गीतास दिलें. त्यांत देशाची भूमि व स्त्रीचें शरीर यांचें एकच रूपक केलेलें असून, अपत्याच्या जन्मामागें स्त्रीपुरुषांचें सुख असतें हा उच्चार एका ओळींत उघडपणें केला होता. कर्मठ कॅथलिक समाजांत, दूरचित्रवाणीवर, एका स्त्रीच्या मुखांतून! मोठाच गहजब झाला. माद्रिद येथील स्पर्धेंत सिमोन द ओलिव्हेइरा हिला चार गुण मिळाले आणि सोळांत पंधरावा क्रमांक. पण ती परतली तेव्हां लिस्बनच्या रेल्वेस्थानकावर लोकांची झुंबड उडाली होती. परक्यांनीं नापास केलेल्या गायिकेस स्वकीयांनीं विजयी वीरासारखें मिरविलें. राष्ट्राचें कान आणि परीक्षकांचे कान निराळे असतात, याचा हा पहिला दाखला.

दुसरा दाखला १९७३ चा. आरी दुश सांतुश याचेंच ‘तोउरादा’, म्हणजे बैलांची झुंज, हें गीत फेर्नांदु तोर्दु यानें लक्झेंबर्ग येथें गाइलें. वरवर पाहतां तें आखाड्याचें वर्णन. परंतु त्या आखाड्यांत वावरणारीं ढोंगी, मिजासखोर, परान्नपुष्ट माणसें कोणत्या समाजांतील आहेत, हें पोर्तुगालांतील शेंबड्या पोरासही कळत होतें. तें अभ्यवेक्षकाच्या पेन्सिलींतून सुटलें कसें? माझ्या मतें याचें कारण त्या गाण्याच्या वेषांत आहे. लेखाकडे सत्ता संशयानें पाहते, ग्रंथाकडे भीतीनें पाहते. पण ताल धरावयास लावणाऱ्या गाण्याकडे ती बहुधा पाहतच नाहीं. आपल्याकडील तमासगिरांनीं वगाच्या आडून राजापासून पाटलापर्यंत सर्वांची जी रेवडी उडविली, ती याच न्यायानें खपून गेली. स्पर्धेंत या गीताचा क्रमांक दहावा आला.

या वर्षांत लिस्बनजवळच्या काशियाश येथील तुरुंगांत राजकीय कैदी खितपत होते. त्या भिंतींचा आपल्याशींही संबंध आहे. गोवामुक्तीच्या लढ्यांतील सांगलीचे मोहन रानडे हे १९५५ मध्यें पकडले गेले. त्यांस सव्वीस वर्षांची शिक्षा झाली व पुढें त्यांची रवानगी काशियाशला झाली. १९६१ मध्यें गोवा मुक्त झाला, पण ज्यांनीं गोव्यासाठीं तुरुंग पत्करला ते रानडे मात्र आणखी सात वर्षें कोठडींतच राहिले. त्यांची सुटका झाली ती जानेवारी १९६९ मध्यें. त्या सुटकेसाठीं ज्यांनीं अहोरात्र खटपट केली त्यांत सुधीर फडके हे अग्रणी होते. आपण त्यांस गायक व संगीतकार म्हणून ओळखतों. परंतु १९५४ मध्यें दादरा-नगरहवेलीच्या मुक्तिसंग्रामांत हा गायक स्वतः उतरला होता. याच काशियाशच्या तुरुंगांत १९७३ मध्यें पोर्तुगालचा लोकप्रिय गायक जोझे अफोन्सु हाही डांबला गेला होता. त्याच्या कित्येक गाण्यांवर बंदी होती. हें नांवही वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

आतां सैन्याकडे वळूं. तेरा वर्षें तीन आघाड्यांवर चाललेल्या युद्धानें सैन्य थकलें होतें. १९६८ मध्यें सालाझार आजारी पडून पदच्युत झाला आणि मार्सेलु काएतानु त्याच्या जागीं आला. परंतु युद्ध थांबलें नाहीं. मधल्या फळीच्या अधिकाऱ्यांत, विशेषतः कॅप्टनांत, असंतोष धुमसूं लागला. या असंतोषाच्या मुळांशीं गोव्याची आठवण होती, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नाहीं. १९६१ मध्यें सालाझारनें गोव्यांतील आपल्या मूठभर सैन्यास शेवटच्या माणसापर्यंत लढून मरण्याचा आदेश दिला होता. गव्हर्नर-जनरल वास्सालु इ सिल्वा यांनीं व्यर्थ रक्तपात टाळून शरणागति पत्करली. त्यांच्या पदरीं काय पडलें? १९६३ मध्यें सैन्यांतून बडतर्फी. राज्यकर्त्यांच्या हट्टाचें खापर सैनिकांच्या माथ्यावर फुटतें, हा गोव्याचा धडा अधिकाऱ्यांच्या मनांत ठसला होता. उद्यां गिनींत पराभव झाला तर आपलीही तीच गत होणार, असें त्यांस वाटूं लागलें. तात्पर्य, लिस्बनच्या क्रांतीस जीं बीजें कारण झालीं त्यांतील एक मांडवीच्या तीरावर पेरलें गेलें होतें.

अशा वातावरणांत ६ एप्रिल १९७४ हा दिवस उजाडला. इंग्लंडांतील ब्रायटन येथें स्पर्धा होती. पोर्तुगालतर्फें पाउलु द कार्व्हाल्यु यानें गीत म्हटलें. शब्द जोझे निझा याचे, चाल जोझे काल्व्हारियु याची. शीर्षक ‘इ देपोइश दु अदेउश’, म्हणजे ‘आणि निरोपानंतर’. ‘अदेउश’ हा शब्द गोमंतकीयांस परका नाहीं. मांड्यांच्या विरहगीतांतून तो कोंकणींत केव्हांच रुळला आहे. गीताचा विषय साधा: प्रेम संपलें आहे, प्रियजन निघून गेलें आहे, आणि मागें राहिलेला पुरुष स्वतःलाच शोधीत आहे. राजकारणाचा त्यांत लवलेशही नाहीं. सतरा देशांच्या परीक्षकांचीं मिळून एकशें सत्तर मतें होतीं. त्यांतील तीन या गीतास मिळालीं. नॉर्वे, पश्चिम जर्मनी व स्वित्झर्लंड यांच्यासह पोर्तुगाल शेवटचा ठरला. विजयी झाला स्वीडनचा ‘आबा’ हा संच. त्यांच्या गीताचें नांव ‘वॉटर्लू’. गंमत अशी कीं, त्या रात्रीं जें जिंकलें त्या गाण्याचें नांव लढाईचें होतें आणि आशय प्रेमाचा. जें हरलें तें आंतबाहेर प्रेमाचेंच होतें, आणि अठरा दिवसांनीं त्यानेंच सैन्य हलविलें.

तें कसें, हें आतां सांगतों. कटाची लष्करी आंखणी मेजर ओतेलु साराइव्हा द कार्व्हाल्यु याच्याकडे होती. निरनिराळ्या छावण्यांतील तुकड्यांनीं एकाच वेळीं निघावयाचें, तर त्यांस इशारा कसा द्यावयाचा? दूरध्वनीवर पोलिसांचा कान. मग सर्वांस एकाच क्षणीं ऐकूं जाईल आणि कोणासही संशय येणार नाहीं असें साधन कोणतें? नभोवाणी! २४ एप्रिलच्या रात्रीं दहा वाजून पंचावन्न मिनिटांनीं लिस्बनमधील एका केंद्रानें ‘इ देपोइश दु अदेउश’ लावलें. या केंद्राचा पल्ला राजधानीच्या आसपासचाच होता. म्हणून मध्यरात्रीनंतर वीस मिनिटांनीं, देशभर ऐकूं जाणाऱ्या कॅथलिक केंद्रावरून, रेडियु रेनाशेन्सा येथून, दुसरें गीत लावलें गेलें. तें होतें जोझे अफोन्सु याचें ‘ग्रांदोला’, एका गांवाच्या बंधुभावाचें गीत. पहिल्या गाण्याचा अर्थ होता ‘सज्ज व्हा’; दुसऱ्याचा, ‘निघा, आतां माघार नाहीं’. पहाटे कॅप्टन साल्गेइरु माइया सांतारेंहून आपल्या गाड्या घेऊन राजधानींत शिरला. लोकांस घरीं राहण्याची विनंती नभोवाणीवरून पुनःपुन्हां होत होती. लोकांनीं ती साफ धुडकावली. ते रस्त्यांवर आले आणि त्यांनीं सैनिकांच्या बंदुकींच्या नळ्यांत लाल कार्नेशनचीं फुलें खोवलीं. काएतानुनें कार्मु येथील शिपायांच्या बराकींत आश्रय घेतला होता. सायंकाळीं त्यानें जनरल स्पिनोला याच्या हातीं सत्ता सोंपविली. गुप्त पोलिसांच्या कचेरींतून झालेल्या गोळीबारांत चार माणसें मेलीं. त्या दिवसाच्या हर्षाला तेवढें रक्त लागलें. पुढील दोन दिवसांत काशियाशचे दरवाजे उघडले.

नभोवाणीची ही करामत गोमंतकानें आधींच पाहिली होती. १९५५ पासून १९६१ पर्यंत वामन सरदेसाई व लिबिया लोबो या दोघांनीं, आधीं आंबोलीच्या व मग कॅसलरॉकच्या रानांत दडून, गोव्याच्या मुक्तीचा आवाज पोर्तुगीज राजवटीच्या कानांवर रोज आदळविला. पण तेथें शब्द उघड होते व जागा गुप्त होती. लिस्बनमध्यें जागा उघड होती आणि अर्थ गुप्त. 

आतां विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊं. परीक्षक चुकले काय? मला तसें वाटत नाहीं. त्यांच्यापुढें अपरिचित भाषेंतील एक शोकगीत होतें. १९७३ पासून कोणत्याही भाषेंत गाण्याची मुभा मिळाली होती; स्वीडनच्या मंडळींनीं तिचा लाभ घेऊन इंग्रजींत गाइलें. पोर्तुगीजांनीं आपली भाषा सोडली नाहीं. परीक्षकांनीं कानांस जें भावलें त्यास गुण दिले. मग सैनिकांनीं तरी हें गीत त्याच्या थोरवीमुळें निवडलें काय? तेंही नाहीं. जोझे अफोन्सुचें गाणें आधींच वाजलें असतें तर पोलिसांच्या कपाळाला आठी पडली असती. पहिल्या खुणेसाठीं असें गाणें हवें होतें कीं जें ओळखीचें आहे, नुकतेंच गाजलें आहे, नभोवाणीवर केव्हांही लागूं शकतें आणि ज्याविषयीं कोणाच्याही मनांत किंतु नाहीं. निरुपद्रवीपणा हाच त्याचा गुण. सरकारनें स्वतः निवडून परदेशीं पाठविलेलें गाणें, त्यावर सरकारचा संशय येणार कसा? राजवटीनें जगाच्या शिफारशीसाठीं जें गाणें धाडलें, त्यानेंच तिला निरोप दिला. 

येथें एक सावधगिरीची सूचना देणें मला अवश्य वाटतें. गाण्यानें क्रांति केली, असें म्हणण्याचा मोह आपल्यासारख्या साहित्यप्रेमी मंडळींस अनावर होतो. तो आवरला पाहिजे. क्रांति केली ती तेरा वर्षांच्या युद्धानें, अठ्ठेचाळीस वर्षांच्या दडपशाहीच्या ओझ्यानें (कारण लष्करी राजवट १९२६ पासूनच सुरू झाली होती) आणि जीव धोक्यांत घालणाऱ्या शेंकडों अधिकाऱ्यांनीं. गाणें हें त्या रात्रीं घड्याळाच्या ठोक्यापलीकडे कांहीं नव्हतें. परंतु ठोका संपल्यावर गाणें संपलें नाहीं. जो देश इतकीं वर्षें मुका होता त्यानें त्या प्रेमगीतांत, मागें वळून, एका साम्राज्याचा निरोप ऐकला. कवीनें जो अर्थ घातला नव्हता तो राष्ट्रानें घातला. पोर्तुगालांत २५ एप्रिल हा स्वातंत्र्यदिन म्हणून पाळला जातो, आणि त्या दिवसाच्या आठवणींतून हें गीत वेगळें काढतां येत नाहीं. शब्दाचा अर्थ शब्दकोशांत असतो. गाण्याचा अर्थ तें कोणत्या घटकेस वाजलें यावरही ठरतो.

क्रांतीनंतरच्या वर्षीं, १९७५ मध्यें, स्टॉकहोम येथें पोर्तुगालतर्फें गायक म्हणून गेला तो दुआर्ते मेंदिश, क्रांतींत प्रत्यक्ष भाग घेतलेला एक कॅप्टन. गीताचें नांव ‘पहाट’. क्रमांक सोळावा! १९७६ मध्यें, परदेशीं अज्ञातवास भोगून परतलेला कवि मान्युएल आलेग्रे याचे शब्द कार्लुश दु कार्मु या प्रसिद्ध फादो-गायकानें गाइले, क्रमांक बारावा. हुकूमशाहीस गुण न देणारे परीक्षक स्वातंत्र्यासही गुण देईनात! यावरून त्यांच्या निःपक्षपातीपणाची तरी खात्री पटते. पुढें वर्षांमागून वर्षें गेलीं. १९९६ मध्यें सहावा क्रमांक मिळाला, तोच उच्चांक. लगेच १९९७ मध्यें जें गीत गेलें त्याचें नांव ‘निरोपापूर्वीं’. आणि त्यास गुण मिळाले शून्य. निरोपानंतरचें गीत तीन गुणांचें, निरोपापूर्वींचें शून्याचें! मग कांहीं वर्षें इंग्रजीची फोडणी देऊन पाहिली, तीही फळली नाहीं. इतकीं वर्षें भाग घेऊन एकदांही न जिंकलेला देश अशीच पोर्तुगालची ओळख होऊन बसली.

शेवटीं १३ मे २०१७ या दिवशीं कीव्ह शहरीं साल्वादोर सोब्राल नांवाचा तरुण उभा राहिला. त्याचें हृदय इतकें दुबळें झालें होतें कीं त्याच वर्षीं डिसेंबरांत तें बदलावें लागलें. गीत त्याच्या बहिणीनें, लुईझा सोब्राल हिनें, रचलेलें. ‘दोघांच्या वांट्याचें प्रेम’ असा त्याचा भाव. इतर देशांनीं दिव्यांचे लोळ आणि नर्तकांचे ताफे आणले होते. हा एकटा, अंगापेक्षां मोठ्या कोटांत, पुटपुटल्यासारखा, शुद्ध पोर्तुगीजांत गाइला. त्यास सातशें अठ्ठावन गुण मिळाले. तितके त्यापूर्वीं कोणासही मिळाले नव्हते. परीक्षकांचा कौल व प्रेक्षकांचा कौल दोन्ही त्याचेच. त्रेपन्न वर्षें व एकोणपन्नास प्रयत्न यांनंतरचा हा पहिला विजय. योगायोग असा कीं, त्याच दिवशीं फातिमा येथें पोपच्या हस्तें दोन बालकांस संतपद मिळालें आणि लिस्बनच्या बेन्फिका संघानें फुटबॉलचें अजिंक्यपद पटकाविलें. फादो, फातिमा व फुटबॉल या तीन ‘फ’कारांवर सालाझारनें लोकांस गुंगवून ठेविलें, अशी जुनी टीका आहे, तेच तीन ‘फ’कार, थोड्या फरकानें, एका स्वतंत्र राष्ट्राच्या सणाचे मानकरी झाले. 

दुसऱ्या वर्षीं नियमाप्रमाणें स्पर्धा लिस्बन येथें भरली. यजमानांचें गीत अंतिम फेरींत सव्विसावें, म्हणजे सर्वांत शेवटचें आलें. मला या निकालांत कांहीं विपरीत वाटत नाहीं. उलट हें राष्ट्र आपल्या नेहमींच्या जागीं जाऊन बसलें, असें वाटून हायसें वाटलें.

सारांश काय? परक्यांचे गुण खोटे नसतात. परंतु ते एकच गोष्ट मोजतात: त्या रात्रीं तें गाणें परक्याच्या कानांस कसें लागलें. आपल्या भाषेचें गाणें आपल्या माणसांत काय करतें, हें मोजणारा तराजू वेगळा आहे, आणि तो फार सावकाश झुकतो. मराठींत लिहिणाऱ्या-गाणाऱ्या प्रत्येकास आज परक्या फळ्यावरील आंकड्यांची ओढ लागली आहे. तिच्यांत कांहीं पाप आहे असें नाहीं. पण फळ्यावर तीनच आंकडा दिसला म्हणून जीभ बदलण्याची घाई करूं नये, एवढें तरी पोर्तुगालच्या या रखडलेल्या कहाणीवरून शिकण्यासारखें आहे.

आणि एक शेवटची गोष्ट. ज्या क्रांतीची पहिली घंटा त्या तीन गुणांच्या गाण्यानें वाजविली, तिच्यामुळें आफ्रिकेंतील वसाहती वर्ष-दीड वर्षांत स्वतंत्र झाल्या, आणि वास्सालु इ सिल्वा यांस त्यांचें गेलेलें लष्करी पद परत मिळालें. ३१ डिसेंबर १९७४ रोजीं नवी दिल्ली येथें एका तहावर सह्या झाल्या. गोवा, दमण, दीव, दादरा व नगरहवेली यांवरील भारताचें स्वामित्व पोर्तुगालनें त्या तहानें मान्य केलें. पोर्तुगालतर्फें सही केली परराष्ट्रमंत्री मारियु सोआरिश यांनीं, भारतातर्फें कऱ्हाडच्या यशवंतराव चव्हाणांनीं. गोव्यानें पोर्तुगालास निरोप दिला होता तो १९६१ मध्यें. पोर्तुगालनें तो ऐकला तेरा वर्षांनीं. त्या तहाचा कागद आतां दप्तरांत सुरक्षित आहे आणि इतिहासाचें साधन म्हणून त्याची योग्यता कोणी नाकारणार नाहीं. त्याच्या शेजारीं त्या गाण्याची एक तबकडीही ठेवावी, एवढीच माझी सूचना आहे.